वृद्धाचा देह आणि श्रमाचा धर्म

वार्धक्यात शरीराची क्षमता टिकवण्यासाठी रोज ठरवून केलेला यत्न हा देहासक्तीचा प्रकार मानावा की धर्माचरणाचा, हा प्रश्न वरकरणी आरोग्यशास्त्राचा वाटला तरी त्याचे मूळ भारतीय धर्मविचारातील एका जुन्या तणावात आहे. देह नश्वर आहे, केस पिकले की त्याच्यावरचे लक्ष काढून घ्यावे आणि मन परमार्थाकडे वळवावे, अशी एक शिकवण आहे. आणि देह हेच धर्माचे पहिले साधन आहे, ते बोथट होऊ देणे हा साधकाचा प्रमाद आहे, असेही तीच परंपरा तितक्याच ठामपणे सांगते. रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या शेजारच्या तालुक्यांत हा प्रश्न विचारण्याला विशेष औचित्य आहे, कारण शरीरश्रमाला धर्माच्या केंद्रस्थानी आणणारे विसाव्या शतकातील दोन मराठी विचारवंत याच पट्ट्यात जन्मले: पेण तालुक्यातील गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे आणि रोहा येथे १९ ऑक्टोबर १९२० रोजी पांडुरंगशास्त्री आठवले. दोघांनीही गीतेचा आधार घेतला, मात्र श्रमाला पावित्र्य कशामुळे येते याची दोघांची उत्तरे वेगळी आहेत, आणि श्रम करण्याची ताकद ओसरू लागलेल्या माणसाच्या बाबतीत तो वेगळेपणा फार मोठा ठरतो.

प्रथम आधुनिक विज्ञान या संदर्भात नेमके काय मोजते ते पाहणे आवश्यक आहे. फंक्शनल फिटनेस, म्हणजे कार्यक्षमतेच्या दृष्टीने पाहिलेली शारीरिक सुस्थिती, ही दंड किती फुगला किंवा वजन किती घटले यावर ठरत नाही. रोजच्या जगण्यातील कामे दुसऱ्याच्या आधाराशिवाय, फार न थकता आणि न पडता करता येतात का, एवढेच ती विचारते. अमेरिकेतील रॉबर्टा रिक्ली आणि जेसी जोन्स यांनी १९९९ मध्ये ज्येष्ठांसाठी जी चाचणी प्रसिद्ध केली तिच्यात तीस सेकंदांत खुर्चीवरून हात न टेकता किती वेळा उठता येते, सहा मिनिटांत किती अंतर चालता येते, उठून आठ फुटांवरच्या खुणेला वळसा घालून परत बसायला किती वेळ लागतो, अशा साध्या बाबी आहेत, आणि साठ ते चौऱ्याण्णव वर्षे वयाच्या सात हजारांहून अधिक व्यक्तींच्या मोजमापांवरून वयानुसार अपेक्षित कामगिरीचे तक्ते तयार केले गेले आहेत. जमिनीवर मांडी घालून जेवणाऱ्या आणि पूजेला पाटावर बसणाऱ्या समाजाला याहून जवळची वाटेल अशी परीक्षा ब्राझीलमधील क्लॉडिओ गिल अराउजो यांची आहे: जमिनीवर बसावे आणि उठावे, आणि त्यासाठी हात, गुडघा किंवा अन्य आधार जितक्या वेळा लागेल तितके गुण कमी व्हावेत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात एक्कावन्न ते ऐंशी वर्षांच्या सुमारे दोन हजार व्यक्तींपैकी ज्यांना हे उठणे-बसणे कमी साधत होते, त्यांच्यात पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक आढळले. यावरून उठबस केल्याने आयुष्य वाढते असा सरळ निष्कर्ष निघत नाही, कारण ही चाचणी कारण दाखवत नाही, अवस्था दाखवते. तथापि ताकद, तोल आणि सांध्यांची लवचिकता या तिन्हींचा ती एकत्र कस घेते, हे तिचे महत्त्व आहे.

वयाबरोबर स्नायूंचे वस्तुमान आणि बळ घटत जाण्याला आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये सार्कोपेनिया हे नाव दिले. ही झीज अटळ असली तरी तिचा वेग अटळ नाही. १९९० मध्ये मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातील शहाऐंशी ते शहाण्णव वर्षे वयाच्या दहा जणांना आठ आठवडे वजने उचलण्याचा, तोही चांगल्या जड वजनांचा, व्यायाम देखरेखीखाली करायला लावला तेव्हा व्यायाम पूर्ण करणाऱ्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीतला स्नायूही हाक दिली तर ओ देतो, हे त्यातून सिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये पासष्ट वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल व ताकद एकत्र राखणारी हालचाल सुचवली ती याच प्रकारच्या पुराव्यावर.

आता शास्त्रांकडे वळावे. चार आश्रमांपैकी तिसरा, म्हणजे वानप्रस्थ, हा आजच्या भाषेत निवृत्ती समजला जातो आणि निवृत्ती म्हणजे बसणे असे गृहीत धरले जाते; परंतु मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायातील वानप्रस्थ हा मुळीच बसलेला माणूस नाही. सुरकुत्या, पिकलेले केस आणि नातवाचे तोंड दिसल्यावर जो वनात जातो त्याला आपले अन्न स्वतः गोळा करायचे आहे, जमिनीवर झोपायचे आहे, दिवसभर उभे राहण्यासारखी व्रते करायची आहेत आणि अखेरीस ईशान्येकडे तोंड करून देह पडेपर्यंत चालत राहायचे आहे. या विधानांतील कठोरता आज कोणी अनुसरावी असे सुचवण्याचे कारण नाही, पण स्मृतिकारांना अभिप्रेत असलेला त्याग हा घरदार आणि अधिकार यांचा होता, पायांचा नव्हता, एवढे त्यातून निश्चित दिसते. वानप्रस्थाचे नाव घेऊन आरामखुर्ची गाठणे हा आधुनिक सोयीचा अर्थ आहे.

आयुर्वेदाचे ग्रंथ या प्रश्नावर एकमुखी नाहीत, आणि ही गोष्ट परंपरेचा गौरव करणाऱ्या व्याख्यानांतून सहसा सांगितली जात नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, चोविसाव्या अध्यायात, व्यायाम करणाऱ्यावर म्हातारपण एकाएकी चाल करून येत नाही असे म्हटले आहे आणि वय, बळ, शरीर, देश, काल आणि आहार यांचा विचार करून व्यायाम करावा असा नियम घातला आहे. उलट वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात ज्यांनी व्यायाम टाळावा त्यांच्या यादीत वातपित्ताचे रोगी, बालके आणि अजीर्ण झालेले यांच्याबरोबर वृद्धांनाही स्पष्टपणे बसवले आहे. अर्धशक्ती, म्हणजे स्वतःच्या बळाच्या निम्म्यापर्यंतच श्रम करणे, ही प्रसिद्ध मर्यादाही त्याने बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्यांसाठी सांगितली आहे. वाग्भटाच्या निषेधामागे वृद्धाच्या वातप्रधान, कोरड्या, चटकन झिजणाऱ्या देहाची खरी काळजी आहे, आणि त्याच्या काळी व्यायाम म्हणजे प्रामुख्याने मल्लांचा जोरकस व्यायाम असल्यास तो निषेध योग्यही असेल. पण आजच्या पुराव्यासमोर सुश्रुताचा नियम टिकतो आणि वाग्भटाची सरसकट बंदी टिकत नाही. दोन्ही ग्रंथ आदरणीय आहेत म्हणून दोन्ही मते एकाच वेळी खरी ठरत नाहीत.

विनोबांच्या विचारात शरीरश्रम येतो तो आरोग्यासाठी नव्हे. गांधीजींच्या आश्रमातील अकरा व्रतांमध्ये शरीरश्रम हे एक स्वतंत्र व्रत होते; टॉल्स्टॉय आणि रशियन शेतकरी बोंदारेव यांच्याकडून आलेली, प्रत्येकाने आपल्या भाकरीपुरते अंगमेहनतीचे काम केलेच पाहिजे ही कल्पना गांधीजींनी गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील यज्ञाशी जोडली होती, आणि यज्ञ न करता खाणारा चोरीचे अन्न खातो हा तेथील विचार त्यांनी शब्दशः घेतला होता. विनोबांनी हा विचार आयुष्यभर अंगावर वागवला: सूत कातणे, दळणे, मैला साफ करणे, पुढे पवनारच्या आश्रमात बैलाशिवाय केलेली ऋषिशेती. १९३८ मध्ये ते पवनारला आले तेव्हा त्यांची प्रकृती इतकी ढासळली होती की वजन सुमारे ८८ पौंडांवर आले होते. तेथे त्यांनी रोज कुदळीने जमीन खणण्यास सुरुवात केली, तीही पहिल्या दिवशी अवघी पाच मिनिटे, आणि ती क्रमाक्रमाने दोन तासांपर्यंत नेली, तेव्हा वर्षभरात वजन चाळीसेक पौंडांनी वाढले. भार हळूहळू आणि नियमाने वाढवणे हे व्यायामशास्त्राचे आजचे मूलतत्त्व त्यांनी कोणत्याही प्रयोगशाळेविना पाळले होते.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानाचा आरंभ झाला तेव्हा विनोबा पंचावन्न वर्षांचे होते, आणि त्यासाठीची पदयात्रा आटोपून ते १९६४ मध्ये पवनारला परतले तेव्हा अडुसष्ट वर्षांचे. सरकारी नोकरीतील माणूस ज्या वयात निवृत्तिवेतनाचे कागद जुळवतो त्या वयात, पोटाच्या अल्सरने पिडलेल्या शरीराने, रोज पहाटे अंधारात निघून गावोगाव चालणे ही घटना शारीरिक दृष्टीनेही असामान्य आहे. पण तत्त्वाच्या दृष्टीने त्यापुढचा काळ अधिक बोलका आहे. ७ जून १९६६ रोजी, गांधीजींच्या पहिल्या भेटीला पन्नास वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, त्यांनी सूक्ष्म प्रवेश जाहीर केला, म्हणजे बाह्य कार्यातून मन काढून आतल्या साधनेकडे वळवले. १९७० मध्ये क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे पवनारचा आश्रम सोडून कोठेही न जाण्याचे ठरवले. या काळातही त्यांचे शरीर थांबले नाही. आश्रमाच्या अंगणातील काडीकचरा, गवताची एकेक काडी वाकून उचलणे हे त्यांनी नित्यकर्म केले आणि प्रत्येक काडीबरोबर नामस्मरण जोडून त्याला जपमाळेचे स्थान दिले. शेवटी नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराच्या आघातानंतर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध थांबवले आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. ज्याने देहाला सत्त्याऐंशी वर्षे कामाला लावले त्यालाच तो बिनतक्रार सोडता आला. देह सांभाळणे आणि देहाला चिकटणे या दोन गोष्टी एकच असत्या तर हे घडले नसते.

तरीही विनोबांच्या मूळ भूमिकेत वृद्धासाठी एक अडचण राहतेच. श्रमाचे पावित्र्य जर उत्पादनावर, म्हणजे खाल्ले तेवढे निर्माण करण्यावर, उभे केले तर ज्याच्या हातून भाकरीएवढेही काम होत नाही अशा माणसाचे अन्न चोरीचे ठरेल काय? गांधी आणि विनोबा या दोघांनीही आजारी आणि दुर्बळांना या व्रताच्या कक्षेतून अर्थातच वगळले. पण अपवाद करून सोडलेला माणूस हा शेवटी अपवादच राहतो, आणि म्हातारपणी अपवाद होणे म्हणजे हळूहळू निरुपयोगी होणे असे ज्येष्ठांच्या मनाने घेतलेले असते. काडी उचलणाऱ्या विनोबांनी आपल्याच सिद्धांताला आचरणातून जोड दिली असे म्हणता येते, कारण त्या काडीने कोणाचेही पोट भरत नव्हते.

आठवले यांच्या विचारात ही अडचण मुळातच उद्भवत नाही. रोह्यात जन्मलेल्या आठवल्यांनी मुंबईच्या माधवबागेतील गीता पाठशाळेतून प्रवचने केली, १९५६ मध्ये ठाण्याला तत्त्वज्ञान विद्यापीठ उभारले आणि स्वाध्याय परिवाराच्या रूपाने गुजरात व महाराष्ट्रातील गावांत मोठे काम उभे केले. १९९६ मध्ये मॅगसेसे आणि १९९७ मध्ये टेम्पलटन हे पुरस्कार त्यांना मिळाले. त्यांच्या मांडणीचा गाभा असा की ईश्वर हृदयात राहतो, तोच झोपेतून उठवतो, खाल्लेले पचवतो, रात्री शांत झोप देतो, म्हणून शरीर चालवणाऱ्या त्या शक्तीचे स्मरण ठेवून तिच्यासाठी काही करणे ही कृतिभक्ती होय. योगेश्वर कृषीत गावातील माणसे पाळीपाळीने पुजारी म्हणून देवाच्या शेतात राबतात आणि पीक कोणा एकाचे नसून देवाचे मानले जाते. भक्तिफेरीत स्वखर्चाने गावोगाव, घरोघर जाऊन माणसांना भेटायचे असते. येथे श्रमाची किंमत तो किती पिकवतो यावर ठरत नाही, तो कोणाला वाहिला आहे यावर ठरते. त्यामुळे पंचाहत्तरीतल्या माणसाने वाफ्यातले चार तण उपटले किंवा शेजारच्या वाडीपर्यंत चालत जाऊन एका घराची विचारपूस केली, तरी ते अर्पण पूर्णच असते. या मांडणीवर टीका करता येते. परंतु वृद्धाच्या अल्प श्रमाला पूर्ण मोल देणारा तात्त्विक आधार म्हणून ती विनोबांच्या मूळ व्रतापेक्षा अधिक समर्थ आहे, असेच म्हणावे लागते.

या दोघांच्या जन्मभूमीतील वास्तव मात्र दोन्ही सिद्धांतांची परीक्षा पाहणारे आहे. पेणच्या खारेपाटात, म्हणजे समुद्राच्या भरतीपासून बांध घालून राखलेल्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, भाताची आवणी करणे, खाचरात तासन्‌तास कमरेत वाकून उभे राहणे, बांधाला खांड गेली तर चिखलमाती वाहून ती बुजवणे, ही कामे ज्या पिढीने केली तिला व्यायामाचे महत्त्व सांगणे हा उद्धटपणा ठरेल. डोंगरउतारावरील कातकरी आणि ठाकूर वाड्यांतील वृद्धांच्या बाबतीत तर हालचालीची उणीव हा प्रश्नच नाही. विसावा आणि पुरेसे अन्न यांची उणीव हा आहे. शिवाय कष्ट आणि कार्यक्षमता ही एकच वस्तू नव्हे. एकाच पद्धतीचे वाकणे वर्षानुवर्षे केल्याने कंबर व गुडघे झिजतात, आणि तोल किंवा मांडीची ताकद आपोआप वाढत नाही. पेण, हमरापूर, जोहे येथील गणपतीच्या कारखान्यांतील जुन्या कारागिराचा हात सत्तरीतही मूर्तीच्या डोळ्यांची आखणी न थरथरता करतो, पण दिवसचे दिवस बैठकीत काढलेल्या त्याच माणसाला जमिनीवरून उठताना भिंत धरावी लागू शकते, कारण शरीर जे करते तेवढेच राखते. स्त्रियांची गोष्ट आणखी वेगळी: घरातल्या म्हातारीला कोणी निवृत्त करत नाही, पाणी, चूल आणि नातवंडे तिच्याकडेच असतात, आणि तिच्या गुडघ्यांची दखल घेतली जाते ती ती पडल्यावर.

या सर्वांच्या विरुद्ध टोकाला नवा मध्यमवर्ग आहे. नागोठणे, धाटाव येथील कारखान्यांत किंवा रेल्वेने रोज मुंबईकडे जाऊन नोकरी केलेले आणि आता घरी असलेले आईवडील, आणि त्यांच्यावर मनापासून प्रेम करणारी मुले. या घरांत “बाबा, तुम्ही आता बसा, खूप केलंत” हे वाक्य आदराने उच्चारले जाते, पाण्याचा तांब्या हातात आणून दिला जातो, बाजाराची पिशवी काढून घेतली जाते, देवपूजेसाठी पाटाऐवजी खुर्ची येते. आईवडिलांना देव मानण्याच्या उपनिषदांतील आदेशाचे हे पालन समजले जाते. प्रत्यक्षात पायांना काम उरले नाही की काही आठवड्यांतच स्नायू उतरू लागतात, तोल जातो, पडण्याची भीती बसते, भीतीने चालणे आणखी कमी होते, आणि सेवेच्या नावाखाली पराधीनता वाढीला लागते. ज्या सेवेमुळे सेव्य व्यक्तीची क्षमताच नाहीशी होते ती सेवा नसून, प्रेमाने केलेली का असेना, हानी आहे, असा स्पष्ट निर्णय या ठिकाणी देणे भाग आहे. देवाची मूर्ती बसवता येते, कारण तिला स्वतः काही करायचे नसते. आईवडिलांच्या बाबतीत ही उपमा लावणे चुकीचे आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म घडण्यासाठी पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळ्या चेष्टा आणि दैव. यांतील पहिले अधिष्ठान म्हणजे देह. दैव पाचवे आहे ही गोष्ट ‘वय झाले, आता नशिबात असेल ते’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. सहाव्या अध्यायात आहार, विहार, कर्मातील चेष्टा, झोप आणि जागृती यांच्यातील प्रमाणाला योगाची अट म्हटले आहे, आणि त्या अटीला वयाची कमाल मर्यादा घातलेली नाही. यावरून वृद्धाच्या व्यायामाला मान्यता मिळते, तशीच त्याला सीमाही पडते. मनगटावरच्या घड्याळात दहा हजार पावले भरली नाहीत म्हणून रात्री ओसरीवर येरझाऱ्या घालणारा, रोज आरशात स्वतःला तपासणारा आणि मृत्यू हा शब्द घरात उच्चारू न देणारा ज्येष्ठ हा देहाचा उपासक झालेला असतो. त्याची ताकद वाढेल, पण वार्धक्याने जे शिकवायचे ते शिकवायचे राहून जाईल. क्षमता कशासाठी हवी याचे उत्तर तिच्याबाहेर असले पाहिजे: स्वतःचे शौच-स्नान स्वतः करण्यासाठी, देवळाच्या पायऱ्या चढण्यासाठी, रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखीबरोबर चार गल्ल्या चालण्यासाठी, आजारी शेजाऱ्याच्या दारापर्यंत जाण्यासाठी.

क्षमतेचा हा प्रश्न केवळ व्यक्तीच्या निश्चयाचा नाही, हेही नोंदवले पाहिजे. ऑगस्ट २०२२ पासून महाराष्ट्र शासनाने पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास विनामूल्य केला, हा निर्णय स्वागतार्हच आहे. पण एसटीची पहिली पायरी जमिनीपासून इतकी उंच असते की मांडीत बळ आणि दांडा धरणाऱ्या हातात पकड नसेल तर सवलतीचे ओळखपत्र खिशात राहते आणि गाडी निघून जाते. देवळांचे विश्वस्त सभामंडपाला ग्रॅनाइट बसवतात, ते पावसाळ्यात ओल्या पायांना घसरवते, आणि पायऱ्यांना कठडा मात्र क्वचितच असतो. ज्या समाजाला वृद्धाने हिंडते-फिरते राहावे असे वाटते त्याने हिंडण्याफिरण्याच्या जागा तशा ठेवणे, हा त्याच्या धर्माचा भाग आहे.

म्हणून पेण-रोह्यातील ग्रामदेवतांच्या विश्वस्तांनी, भजनी मंडळांनी आणि स्वाध्याय केंद्रांनी दोन गोष्टी कराव्यात. पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी धरण्याजोगा कठडा बसवावा. आणि जेथे ज्येष्ठ आठवड्यातून दोन-तीनदा आधीच जमतात तेथे भजन सुरू होण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे, गावच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांच्या सल्ल्याने, आधाराने उठणे-बसणे, टाचा उचलणे आणि सरळ रेषेत चालणे यांचा पाठ ठेवावा. यासाठी वेगळी इमारत, यंत्रे किंवा देणगी लागत नाही, आणि कोणत्याही शास्त्राची त्याला आडकाठी नाही.